तपासणीला मी गेलेच नव्हते

बेलापूर,
१२ ऑगस्ट २०२४

ती. बाई,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तुमचीही तब्येत बरी असावी.

तुम्हाला गावात सगळे बाईच म्हणतात असं ऐकलं, म्हणून मीही तेच लिहिते. मी धनश्री. तुमची ज्ञानेश्वरी गेल्यावर दोन वर्षांनी अंगद यांच्याशी माझं लग्न झालं. 'तुमचे जावई' लिहावं की 'आमचे हे', ते ठरेना, म्हणून नावच लिहिते. तुम्हाला दोनदा फोन केला होता. बेलापूरहून बोलतेय म्हटलं की तुम्ही ठेवून दिलात. त्याचा राग नाही. पत्र मात्र ठेवून देण्याआधी एकदा वाचा, एवढंच मागणं आहे.

पाऊस यंदा बरा आहे. सोयाबीन कमरेला आलंय. अंगद यांचं ट्रॅक्टरचं गॅरेज चाललंय, सकाळी आठला जातात ते अंधार पडल्यावर येतात. सासूबाईंचा गुडघा धरलाय, तरी त्या मला जड काही उचलू देत नाहीत. मला सहावा महिना सरत आलाय.

ही बातमी तुम्हाला माझ्याकडून कळावी असं वाटलं. तुम्हाला ती गोड लागणार नाही हे माहीत आहे. त्याच घरात, त्याच खोलीत, दुसरी कुणीतरी. मी लिहायला बसले तेव्हा तीनदा कागद फाडला.

घरात सगळ्यांना आनंद आहे. भिंतीवर गुटगुटीत बाळाचं चित्र लावलंय. सासूबाई रोज सकाळी मोबाईलवर गर्भसंस्काराचे श्लोक लावतात आणि मोबाईल माझ्या पोटाशी ठेवतात. म्हणतात, "बोल की त्याच्याशी. त्याला आतनं समदं ऐकू येतं." मी ओठ हलवते. बाई, मी काहीच बोलत नसते. मनातल्या मनात आज भाजी कोणती करायची ते म्हणत असते.

माझी आई मी लहान असतानाच गेली. वडील, रामहरी त्यांचं नाव, सात वर्षं अंथरुणावर होते. त्यांचं सगळं मीच केलं. भाऊ-वहिनी होते, पण करायला मीच. ते गेले तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. कधी वाटतं, माझ्यातली माया तिथंच संपली. आता द्यायला काही शिल्लक नाही, आणि आत कुणीतरी येऊन बसलंय.

पाचव्या महिन्यात श्रीरामपूरला दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी ठोके ऐकवले. पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरावा तसा आवाज. शेजारच्या पलंगावरची मुलगी आपल्या बाळाचे ठोके ऐकून रडायला लागली होती. मी छताकडे पाहत होते. तिथली नर्स हसत म्हणाली, "अहो, पहिलटकरीण ना तुम्ही? हसा की जरा! कशा आई तुम्ही?" ती गमतीनंच म्हणाली असेल. पण मला वाटलं, हिला कळलं. आपल्यात काय नाही ते हिनं बरोबर ओळखलं.

त्यानंतर मी तपासणीला गेलेच नाही.

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. तपासणीच्या दिवशी पिशवी घेऊन निघते. अंगद गॅरेजवर, सासूबाईंचा गुडघा, म्हणून एकटीच. श्रीरामपूरच्या स्टँडवर उतरते आणि बायकांच्या बाकावर बसते. गाड्यांच्या पाट्या वाचते. दोन-अडीच तास झाले की परतीची गाडी धरते आणि घरी सांगते, सगळं नॉर्मल आहे. दोन वेळा असं झालं. दुसऱ्या वेळी समोर जामखेडची गाडी लागली होती. पाटी बघून तुमची आठवण झाली. तुम्हाला कधी बघितलेलंसुद्धा नाही मी.

परवा रूपालीताई आल्या होत्या, आमच्या वाडीच्या आशा कार्यकर्त्या. माझ्या पायांवरची सूज त्यांनी बोटानं दाबून बघितली. खड्डा पडला तो वर येईना. म्हणाल्या, "तपासणीचं कार्ड दाखव." मी म्हटलं सापडत नाही. त्यांनी उशीखाली हात घातला आणि काढलं. शेवटचे रकाने कोरे. वजन नाही, बीपी नाही, सही नाही. त्या मटकन खालीच बसल्या. म्हणाल्या, "ह्या घरात असलं कोरं कार्ड मी एकदा बघितलंय. परत बघायचं न्हाई मला."

बाई, इथून पुढचं लिहिताना हात थांबतो. तुम्ही समजता की या घरानं तुमच्या मुलीला दवाखाना दाखवला नाही. मलाही लग्नानंतर शेजारणींनी तेच सांगितलं. पण रूपालीताईंनी सांगितलं ते वेगळं आहे. तिला पाठवत होते. ती एकटी जायची आणि दवाखान्यात पोहोचत नव्हती. कुठं बसायची ते कुणाला ठाऊक नाही. तिचं बीपी चढत गेलं, कुणी मोजलंच नाही, आणि आठव्यात झटके येऊन ती गेली.

गेलेल्या माणसावर मी दोष टाकतेय असं वाटून घेऊ नका. मी टाकू शकत नाही. मी त्याच बाकावर बसते.

रूपालीताईंनी मला पंधरा दिवस दिलेत. तोवर मी स्वतः गेले नाही तर त्या घरी सांगणार. मी जाईन म्हणते, आणि सकाळ झाली की अंगात बळ राहत नाही. मला तुम्हाला एकच विचारायचं आहे. ज्ञानेश्वरी तुमच्याशी कधी काही बोलली होती का? तिलाही असंच होत होतं का? तिला झालं असेल तर मी एकटी नाही. एवढ्यासाठी मी तुमची जखम उकरली, मला क्षमा करा.

आपली,
धनश्री

---

जामखेड,
१७ ऑगस्ट २०२४

चि. धनश्री हिस आशीर्वाद.

पत्र काल दुपारी मिळालं. तुझं अक्षर स्वच्छ आहे.

तू विचारलं आहेस त्याचं उत्तर देते. फोनवर हे मला बोलता येणार नाही.

ज्ञानेश्वरीनं मला फोन केला होता. तिला पाचवा संपून सहावा लागला होता. तेव्हा कोरोनामुळे शाळा बंद होत्या, पण मुलांच्या स्वाध्यायपुस्तिका घरी येत आणि मी त्या तपासत बसलेली असे. ती म्हणाली, "आई, मला बाळाचं काहीच वाटत नाही गं. पोटात कुणी ओझं ठेवून गेल्यासारखं वाटतं. सकाळी उठावंसं वाटत नाही." मी लाल पेन हातातून खाली न ठेवता तिला म्हणाले, "पहिलटकरणीला होतं असं. चांगलं वाचत जा, देवाचं नाव घे. आणि सासरी असलं काही बोलू नकोस. नावं ठेवतील."

तिनं माझं ऐकलं. ती कुणाशीच बोलली नाही.

पुन्हा माझ्याशीही बोलली नाही. फोन यायचे, पण खुशालीचे. मला वाटलं, निवळलं. मी चौतीस वर्षं मुलं शिकवली. गप्प बसलेल्या मुलाजवळ जाऊन आधी विचारायचं, हे प्रत्येक नव्या शिक्षिकेला मी सांगत आले.

ती गेल्यावर मला कुणावर तरी राग धरायचा होता. तुमचं घर समोर होतं.

आता नीट वाच. गुरुवारी, २२ तारखेला, मी सकाळच्या गाडीनं निघते. अकराच्या सुमारास श्रीरामपूर स्टँडवर पोहोचेन. तू त्याच बाकावर बस. तिथून आपण दोघी दवाखान्यात जाऊ. तुला हसावं लागणार नाही. कुणी हसायला सांगितलं तर मी बघते. सूज चढली, डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर गुरुवारची वाट पाहू नकोस. त्याच क्षणी रूपालीला हाक मार.

उत्तर पाठवू नकोस. ये.

मनकर्णा

---

अहिल्यानगर,
५ ऑक्टोबर २०२४

ती. बाई,

नमस्कार. तुम्ही सुखरूप पोहोचलात हे तुमच्या भाचीकडून कळलं. मी बरी आहे. टाके सुकलेत.

तुम्ही त्या दिवशी न सांगता निघून गेलात ते मला लागलं. हे आधी लिहिते, कारण मनातलं गिळून टाकायचं नाही हे त्या महिनाभरात तुम्हीच माझ्याकडून घोकून घेतलंत. आता राग नाही. पण तुम्ही फोन उचलत नाही, आणि त्या दुपारपासून पुढं काय झालं ते तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं.

त्या गुरुवारचं मला सगळं आठवतं. तुम्ही गाडीतून उतरलात, बाकावर माझ्या शेजारी येऊन बसलात आणि काही न विचारता माझे पाय बघितलेत. दवाखान्यात बीपी मोजणाऱ्या नर्सनं पट्टा परत परत बांधला, दर वेळी आकडा एकशे सत्तर येत होता. डॉक्टरबाई तुम्हाला म्हणाल्या, "आई, यांना घरी नाही न्यायचं. आत्ताच्या आत्ता नगरला." 'मी तिची आई नाही' असं तुम्ही म्हणाला नाहीत. ॲम्ब्युलन्समध्ये राहुरीपर्यंत तुम्ही माझा हात धरून होतात, आणि तुमचा हात माझ्यापेक्षा गार होता.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात सासूबाई डबा घेऊन आल्या, अंगदही होते, ती वेळ मी विसरणार नाही. सासूबाईंनी तुम्हाला बघितलं आणि डबा तसाच हातात धरून म्हणाल्या, "बाई, इतकी वरसं तुमी आमाला खुनी समजता. पोरीला मी जेवाय घालत हुते. डाक्टरकडं लावून देत हुते. ती मधी कुठं बसत हुती, मला काय म्हाईत?"

तुम्ही म्हणालात, "मलाही माहीत नव्हतं, सुमनबाई. तिनं मला सांगायचा प्रयत्न केला होता. मीच गप्प केलं तिला."

मग अंगद बोलले. दोन वर्षांत ते पहिल्या बायकोबद्दल माझ्यासमोर एक शब्द बोलले नव्हते. खाली बघत म्हणाले, "तिनं मला काही सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं होतं?"

"नाही."

"मीही नाही," तुम्ही म्हणालात.

सासूबाई पलंगाच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "तिचं कोरं कारड मीच चुलीत घातलं. गेलेल्या पोरीला लोकांनी नावं ठिवू न्हाईत म्हणून."

तेव्हा तुमचा आवाज चढला नाही, पण शेजारच्या पलंगावरच्या बाया वळून बघायला लागल्या. "नावं नक्की कुणाला ठेवली असती लोकांनी?" असं तुम्ही विचारलंत. सासूबाई पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. अंगद बाहेर गेले आणि तासभर जिन्यात बसले होते, असं नंतर वॉर्डातल्या मावशींनी सांगितलं.

त्या दिवसानंतर तुम्ही इथंच सावेडीला तुमच्या भाचीकडे राहून रोज येत राहिलात. जेवणानंतर डाव्या कुशीवर झोपून बाळ किती वेळा हलतं ते मोजायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुम्ही कागदावर रेघा मारून सकाळ, दुपार, संध्याकाळ असे रकाने आखलेत. कोपऱ्यातल्या पलंगावरची बाई म्हणायची, "बाईंनी हजेरी घ्यायला घेतली बघा." मी हसले होते. मोजताना मला प्रेम वगैरे काही वाटत नव्हतं, हे तुम्हाला मी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "वाटू नको देऊ. मोज फक्त." मनाच्या डॉक्टरांकडेही तुम्हीच घेऊन गेलात. त्यांनी सांगितलं की हा आजार आहे, गरोदरपणात पुष्कळ जणींना होतो, स्वभावाचा दोष नाही. बाहेर आल्यावर तुम्ही बाकावर बसलात आणि कितीतरी वेळ उठला नाहीत. तुमच्या मनात काय चाललंय ते तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मंगळवारी, २४ तारखेला दुपारी जेवण झालं, मी कुशीवर झाले. अर्धा तास झाला, बाळ हललं नाही. एक तास झाला. तुम्ही कागद हातात धरून बसला होतात. मी म्हटलं, "बाई, एकदाही नाही." तुम्ही नर्सला हाक मारलीत, ती येताना दिसली, आणि तुम्ही उठलात. मला वाटलं पाणी आणायला गेलात. तुमची पिशवीही नव्हती हे मी नंतर बघितलं.

नर्स मशीन आणायला गेली. त्या दहा मिनिटांत माझ्याजवळ कुणी नव्हतं.

बाई, तेव्हा मी बोलले. पहिल्यांदा. श्लोक नाही, लाडाचं काही नाही. पोटावर हात ठेवून म्हटलं, "ए. हल ना. मी काही चांगली आई नाही, मला ठाऊक आहे. पण तू हल. असं गप्प नको बसूस." परत परत तेच म्हणत राहिले. इतके महिने मी समजत होते की हे मूल असलं काय, नसलं काय, मला सारखंच. ते खोटं होतं. ते मला अशा वेळी कळलं, जेव्हा कळून काही उपयोग नव्हता.

ती हलली नाही. ठोके लागले, पण फार मंद. पंधरा मिनिटांत मला ऑपरेशनला घेतलं. सही अंगद यांनी केली. त्यात नावातलं एक अक्षर राहून गेलं.

मुलगी आहे. एक किलो दोनशे. जन्मली तेव्हा रडली नाही, मग एकदा बारीक आवाज आला, मांजराच्या पिल्लासारखा, आणि तिला घेऊन गेले. मी तिला तिसऱ्या दिवशी बघितलं. काचेच्या पेटीत, नाकात नळी, पायाला माझ्या नावाची चिठ्ठी. पेटीच्या भोकातून हात घालून मी तिच्या तळव्याला बोट लावलं. ऊर भरून येतो म्हणतात तसं काही झालं नाही मला. तिची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होती, आणि मला वाटलं, माझ्या हातानं हिला काही होईल. नर्सनं वेळ संपली म्हणून सांगितलं. मी दारापर्यंत आले आणि पाय निघेना. उभीच राहिले. शेवटी त्यांनी स्टूल दिलं.

आता दर तीन तासांनी दूध काढून देते. दोन चमचे. परवा त्यातलं अर्धं तिनं पचवलं, काल उलटी केली. डॉक्टर म्हणतात, आज बरी आहे, उद्याचं उद्या बघू. रोज तेवढंच म्हणतात. मनाची औषधं मला चालू आहेत. सकाळ अजून जड जाते. काही दिवशी डोळे उघडले की आधी वाटतं, आज नको. मग दुधाची वेळ होते आणि उठावं लागतं.

अंगद रोज येतात. त्यांना काय विचारावं ते कळत नाही, पण आल्यावर खुर्ची ओढून बसतात आणि विचारतात, "आज कसं वाटतंय? खरं सांग." परवा मी म्हटलं, वाईट वाटतंय. ते म्हणाले, "बरं." आणि उठून गेले नाहीत. बसून राहिले.

आज बारावा दिवस. घरी असती तर बारसं झालं असतं. सासूबाई सकाळी येऊन बसल्या आणि चाचरत म्हणाल्या, "ज्ञानेश्वरी ठिवू या का नाव? बाईंना बरं वाटंल." मी नाही म्हटलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून लपवत नाही, तुम्हाला सांगते. या एवढ्याशा जिवावर कुणाचीही भरपाई टाकायची नाही. तिला आधी वजन वाढवू दे. सासूबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझं बी खरं हाय."

तुम्ही का गेलात ते मी या बारा दिवसांत पुष्कळदा मनात घोळवलं. तुम्हाला तेच दुसऱ्यांदा बघायचं नव्हतं. मीही स्टँडवर बसत होते ते न बघण्यासाठीच. तुम्हाला कोणत्या तोंडानं बोल लावू? पण एक लिहिते. तुम्ही त्या गुरुवारी आला नसतात, तर चौकशीला रूपालीताई आल्या असत्या तेव्हा आम्ही दोघी नसतो. डॉक्टरांनी मला हे स्पष्ट सांगितलं. एवढं तुमच्या हातून झालेलं आहे. पुढचं जे होईल ते तुमच्यामुळे नसेल.

ती जगेल की नाही, मला माहीत नाही. मला कोणी वचन देत नाही, मीही तुम्हाला देत नाही.

दुपारी चार ते पाच आईशिवाय आणखी एका माणसाला पेटीच्या खोलीत सोडतात. हात धुऊन, गाऊन घालून. या असं म्हणत नाही. आलात, तर दारावर माझं नाव सांगा. एका वेळी एकच जण आत थांबू शकतं. तुम्ही जा. मी बाहेर थांबेन.

तुमची,
धनश्री